चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ४ मार्च

आणि वर म्हणे, "मी बोललो हे आईला सांगू नकोस." म्हणजे बोलायचंही यानंच आणि लपवायचंही यानंच. दादाचं पहिल्यापासून असंच. लहानपणी माझ्या पाठीत धपाटा घालायचा आणि आई आली की स्वतःच मोठ्यानं विचारायचा, "काय रे, का रडतोस?"

आज फोनवर माझं सगळं जुनं पुराण पुन्हा वाचून झालं. सातवीत शाळा सोडली. गॅरेजमध्ये टिकला नाही. रंगाऱ्याच्या हाताखाली ठेवला तर शिडी तिथेच ठेवून पळाला. पायाला भिंगरी आणि डोक्यात भुसा. आता परमुलखात जाऊन हॉटेलच्या चादरी धुतो आणि सुट्टीच्या दिवशी भुतांच्या फिल्म काढतो. "चादरीच धुवायच्या होत्या तर घरच्या काय वाईट होत्या?" म्हणाला.

हे मात्र लागलं. घरचा धंदाच तो. आई दवाखान्याच्या आणि दोन लॉजच्या चादरी आणते, धुते, इस्त्री करून परत देते. शाळा सोडल्यापासून घडी घालताना तिच्या समोरचं टोक मीच धरत आलो. दादा दिवसभर मालाची गाडी चालवतो, त्याला तरी वेळ कुठला.

"आता आई काय करते माहीत आहे?" दादा म्हणाला. "एक कोपरा दाराच्या कडीला बांधते, दुसरा खिडकीच्या गजाला, आणि एकटीच ताणते. निसटली की चादर जमिनीवर, परत धुणं. खांदा दुखतो ते वेगळंच."

मी म्हटलं, "मग एक बाई ठेवा समोर धरायला."

"आणि बाईला पैसे देणार कोण? तुझी भुतं?"

मग मीही तापलो आणि तापात शब्द देऊन बसलो. भीतीचे लघुपट दाखवणारं एक चॅनल आहे. चांगलं चॅनल, निवडून घेतात, घेतलं तर पैसेही देतात. तिथे आजवर सहा फिल्म पाठवल्या, सहाही परत आल्या. म्हटलं, सातवी परत आली तर गाशा गुंडाळतो, घरी येतो आणि ते टोक धरतो. पुन्हा भुताचं नाव काढणार नाही.

दादा म्हणाला, "लिहून ठेव."

म्हणून लिहून ठेवलं.

गुरुवार, ७ मार्च

मी फोन केला नाही. त्यानंही नाही. बरं आहे.

आज लाँड्रीत बातमी फुटली. आमची लाँड्री म्हणजे हॉटेलचं तळघर. धुण्याची यंत्रं, सुकवणीची यंत्रं, मधोमध वाफेचा मोठा रोलर आणि भिंतीकडेला घड्यांची टेबलं. आवाज इतका की आमचा सुपरवायझर बोलतच नाही, शिट्टी मारतो. एक शिट्टी म्हणजे ट्रॉली आणा, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे कोणीतरी बोलणी खाणार. म्हणून त्याचं नावच शिट्टी. आज त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि तोंडानं बोलला, तेव्हाच कळलं की प्रकरण मोठं आहे.

घड्या घालणारं यंत्र येतंय. या बाजूनं चादर घालायची, त्या बाजूनं घडी बाहेर. येत्या रविवारनंतरच्या रविवारी टेबलं काढणार.

सगळे घडीवाल्या मावशींकडे बघायला लागले. टेबलांवर राज्य त्यांचंच. मी आल्यापासून त्यांच्यासमोर उभा असतो, त्यांच्या चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे. मावशी म्हणाल्या, "येऊ दे की. माझे हात मोकळे. फक्त त्या यंत्राला माझ्यासारखं गाऱ्हाणं करता येतं का ते विचारून घ्या, नाहीतर तुम्हाला करमायचं नाही." हसले सगळे. मावशींना शिवणाकडे घेणार आहेत, फाटक्या चादरींना टाके घालायला. मला ट्रॉली ढकलायला.

मला ट्रॉलीचं काही नाही. पण घडी मी शिकलो ती या बाईच्या चापट्या खाऊन. म्हणजे येत होती, पण उलटी. मी डावखुरा. घरी मी डावा कोपरा उचलून उजव्यावर टाकायचो. आईनं ती सवय कधी मोडली नाही. ती आपली "च्" करायची आणि स्वतःचं टोक फिरवून घ्यायची. मावशींनी पहिल्याच दिवशी हातावर चापट मारली. "इथे उजवा डाव्यावर. नाहीतर काठ आत जातो आणि मला सगळी चादर फिरवावी लागते. मी काय फुगडी घालायला आलेय?" आठवडाभर हात लाल होता. आता झोपेतही उजवा डाव्यावर जातो. उपकारच म्हणायचे. इतकं चिकाटीनं मला कोणी काही शिकवलं नव्हतं, शाळेतसुद्धा.

शुक्रवार, ८ मार्च

सहाही फिल्म आज पुन्हा पाहिल्या. पहिलीत लिफ्टमध्ये मुखवटा घातलेला मी. मुखवट्याचं इलॅस्टिक दिसतं. दुसरीत सुकवणीच्या यंत्रातून कोणीतरी आतून ठोकतं. ती त्यातल्या त्यात बरी, पण शेवटी मी बाहेर येतो आणि भुताला चक्कर आलेली स्पष्ट दिसते. तिसरी आणि चौथी लाल रंगाची. चौथीखाली कोणीतरी लिहिलं होतं, "टोमॅटो जपून वापरा." पाचवीबद्दल काही न लिहिलेलं बरं. सहावी परत करताना चॅनलवाल्यांनी पहिल्यांदाच दोन ओळी कळवल्या. "तुमच्या फिल्ममध्ये भीती दाखवली आहे. वाटत नाही."

त्या ओळी मी फ्यूजला वाचून दाखवल्या होत्या. तो म्हणाला, "बरोबर आहे. तुझी फिल्म बघताना मला फक्त तुझी काळजी वाटते."

फ्यूज माझ्या खोलीत राहतो. हॉटेलचा इलेक्ट्रिशियन. दोघांत एक खिडकी, एक शेगडी आणि एकच बरी चप्पल. सहाही फिल्मचे दिवे त्यानं लावले. एकदाही नाही म्हणाला नाही आणि एकदाही छान झाली म्हणाला नाही. तोंडावर आभार मानले की हा माणूस उठून बाहेर जातो, म्हणून इथे मानतो.

शनिवार, ९ मार्च

सुचली.

आज दुपारी मावशी आणि मी मोठ्या चादरींवर होतो. मान खाली घालून मी माझं टोक ताणून धरलं होतं, समोरून मावशींनी ओढायची वाट बघत. चादर ताठ. बराच वेळ झाला तरी त्या पुढे येईनात. वर पाहिलं तर समोर कोणी नाही. मावशी पाणी प्यायला गेल्या होत्या आणि त्यांचं टोक टेबलाच्या फटीत अडकलं होतं. मला वाटत होतं ते धरलंय कोणीतरी.

मानेपासून खाली सरसरून काटा आला. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, शंभर आवाज चालू असताना.

बस, एवढीच फिल्म. एक बाई चादरीची घडी घालते. समोर कोणी नाही. पण चादर ताणलेली आहे. कोपरे वर येतात, एकमेकांवर पडतात, घडी बाईच्या हातात येते. ती पुढची चादर उचलते. संपलं. मुखवटा नाही, टोमॅटो नाही, अंधार नाही.

फ्यूजला सांगितलं. तो म्हणाला, "भूत आणि लख्ख उजेडात? काय, लाइटबिलाची भीती दाखवणार आहेस?"  नंतर म्हणाला, "कुठून सुचलं?"

म्हटलं, टेबलाच्या फटीतून.

आता घाई अशी की टेबलं पुढच्या रविवारपर्यंतच आहेत. नंतर त्या जागी यंत्र. घरी ही फिल्म होणार नाही, मुद्दाम टेबल मांडून तर मुळीच नाही. ती जागाच हवी, वाफेनं पापुद्रे सुटलेली ती भिंत हवी.

रविवार, १० मार्च

मावशींच्या घरी गेलो. त्या मुलीबरोबर राहतात. दार मुलीनं उघडलं आणि आत वळून म्हणाली, "आई, तुझं उलटं कोकरू आलंय." म्हणजे माझी ख्याती घरापर्यंत आहे.

मावशी भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला काय करायचं?"

"घडी घालायची."

"ते तर मी रोज करते. नवीन काय?"

"समोर कोणी नसेल."

"आणि ओरडायचं कधी?"

"ओरडायचं नाही. घाबरायचं पण नाही. समोर कोणी आहे असं समजून नेहमीसारखी घडी घालायची."

मुलगी म्हणाली, "मग भीती कसली त्यात?" मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "त्यातच आहे गं." आणि मला म्हणाल्या, "येते. पण तोंडाला काही फासणार नाही. इतकी वर्षं वाफेत शिजलेय, तेवढं पुरे. आणि तुझं भूत वेळेवर येऊ दे, मला दुपारी नातीला आणायचं असतं."

नशीब काढलंय मी. मोठ्या फिल्मवाल्यांना अशी बाई शोधून सापडायची नाही.

मंगळवार, १२ मार्च

शिट्टीला विचारलं. तो आधी नाही म्हणाला, मग मी कोणकोणती कामं फुकट करीन ते त्यानं मोजून घेतलं, मग हो म्हणाला. रविवारी सकाळी लाँड्री बंदच आहे, दुपारी यंत्राची माणसं येणार, तोपर्यंत जागा माझी. दोन अटी. हॉटेलचं नाव कुठेही दिसता कामा नये. आणि शेवटी आभारात त्याचं नाव मोठ्या अक्षरात हवं.

पहिली अट वाईट. इथल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात हॉटेलचा शिक्का आहे. विकत आणायची तर एवढी मोठी चादर परवडत नाही. फ्यूज म्हणाला, "तुझ्या अंथरुणाखाली आहे ती काय आहे मग?"

ती आईनं निघताना दिलेली. पांढरी, निळ्या काठाची, डबल. एवढी मोठी माझ्या खाटेवर मावतच नाही, म्हणून गादीखाली दाबून ठेवलेली. मी तेव्हा म्हटलंही होतं, "मला एकट्याला एवढी कशाला?" आई म्हणाली होती, "असू दे. एकट्याला घडी घालता येत नाही म्हणून तरी कोणालातरी समोर बोलावशील."

काढली, धुतली, वाळत घातली.

दादाचा निरोप आला आहे. डॉक्टरनं आईला हात खांद्याच्या वर न्यायला मनाई केली आहे. खाली एकच ओळ, "तुझ्या शब्दाची आठवण आहे ना?" आहे. उत्तरात फक्त "हो" लिहिलं.

शनिवार, १६ मार्च

तयारी झाली. छताखालून पाइप जातो त्याला फ्यूजनं तार ताणली, तारेत पडद्याच्या दोन रिंगा ओवल्या, रिंगांतून तंगूस, म्हणजे मासे धरायचा पारदर्शक दोरा, खाली चादरीच्या दोन कोपऱ्यांना. पांढऱ्या भिंतीवर तंगूस दिसत नाही. माझ्या हातात दोन दोऱ्या, डावी डाव्या कोपऱ्याची, उजवी उजव्या कोपऱ्याची. मी दाराआड, चित्रात दार दिसेल, मी नाही. मी कोपरे जुळवायचे आणि फ्यूजनं रिंगा पुढे सरकवायच्या म्हणजे भूत घडी घेऊन मावशींकडे चालत गेल्यासारखं दिसेल. उशीला चिमटे लावून खोलीत पंधरा-वीस वेळा करून पाहिलं. शेवटी शेवटी उशी अशी चालायला लागली की फ्यूज म्हणाला, "हिला आज बाहेर झोपवू."

फोन भरला होता. जागा करायची म्हणून जुन्या सहाही फिल्म पुसून टाकल्या. वाईट वाटायला हवं होतं. हलकं वाटलं.

रविवार, १७ मार्च

आपल्याच हातानं घालवलं सगळं. सावकाश लिहितो.

सकाळी तळघर इतकं शांत होतं की आपलाच श्वास ऐकू यावा. मी ती लाँड्री कधी गप्प पाहिलीच नव्हती. मावशी नेहमीच्या निळ्या कोटात आल्या, डबा कट्ट्यावर ठेवला, हात पुसले. भिंतीकडे, टेबलांकडे एकदा पाहून घेतलं. मला म्हणाल्या, "एकदाच करू. दुसऱ्यांदा मला जमायचं नाही." का ते विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "जमेल हो."

फोन इस्त्रीच्या स्टँडवर लावला. सुरू.

मावशींनी चादर उचलली आणि झटकली. फट् असा आवाज झाला. समोरचं टोक हवेत उभं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. पांढरी चादर, निळा काठ, पलीकडे एक बाई, आणि माझ्या हातात दोन दोऱ्या. मावशींनी ताण दिला, मी ताण दिला. फ्यूजसारख्या माणसानं माझं मनगट घट्ट धरलं, यावरून काय ते समजा.

मग हाताला काय झालं कोण जाणे. कोपरे जुळवायची वेळ आली आणि डावा हात उठला. डावा कोपरा वर गेला आणि उजव्यावर पडला. उलटा. घरच्यासारखा. एवढे महिने चापट्या खाऊन गेलेली खोड, नेमकी तेव्हाच परत.

आणि मावशी "च्" म्हणाल्या.

स्पष्ट. त्या शांततेत घड्याळासारखं ऐकू आलं. आणि नुसतं "च्" नाही, तर आपलं टोक फिरवून घेतलं, माझा काठ जुळवला, आणि मग भुतानं पुढे येऊन घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पोटाशी धरली, वरून हात फिरवला आणि टेबलावर ठेवली. त्यांना शिक्का आत दुमडून ठेवलेली दुसरी चादर उचलायची होती. ती त्यांनी उचललीच नाही. उभ्या राहिल्या, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत. मीच दोऱ्या सोडल्या.

मी धावत गेलो. म्हटलं, "मावशी, भुताला कोणी च् करतं का?"

"कोपरा उलटा पडला ना. तोंडातून गेलं."

"पुन्हा करू."

तेवढ्यात तीन शिट्ट्या. यंत्राची माणसं वेळेआधीच आली होती, हातात पाने-पक्कड घेऊन. मी शिट्टीच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर टेबलंसुद्धा राहिली असती." त्यांनी पहिल्या टेबलाचा पाय सोडवला. मावशींनी आपला डबा उचलला आणि माझी चादर माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुझं भूत डावखुरं आहे रे. सांगायचंस तरी आधी."

सोमवार, १८ मार्च

यंत्र बसलं. घडी चांगली घालतं, काही नाव ठेवायला जागा नाही. मी दिवसभर ट्रॉली ढकलली.

फिल्म खोलीत पाहिली. एवढं सगळं जमलंय, उजेड, भिंत, तंगूस औषधालाही दिसत नाही, आणि मधेच ते "च्". जशी एखादी आई पोराला करते. भीतीचा बट्ट्याबोळ. आवाज कापून बघितला तर मावशींची मान हलते ती दिसते, आणि मग त्या येड्यासारख्या वाटतात. तसं करणं बरं नाही. त्या येड्या नाहीत. आवाज परत जोडला.

फ्यूजला विचारलं, "कशी आहे?" त्यानं पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावली. तो उठून बाहेर गेला. म्हणजे भंगारच असणार.

बुधवार, २० मार्च

पाठवली. जशी आहे तशी. शब्द सातव्या फिल्मचा होता, सातवी पाठवली, आता जे होईल ते. बॅग खाटेखालून काढून झाडून ठेवली आहे.

शेवटच्या पाटीवर नावं घातली. घडी: मावशी. दिवे आणि तारा: फ्यूज. जागा: शिट्टी, मोठ्या अक्षरात. आणि चादर: आईची. माझं नाव घालायचं राहिलं. आता पुन्हा कोण करत बसतंय.

मावशी शिवणाच्या खोलीत बसतात. खिडकी आहे म्हणाल्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी ट्रॉली नेली की माझ्या हातावर एक चापट मारतात, उगाच, सवय जाऊ नये म्हणून.

मंगळवार, २ एप्रिल

घेतली.

कपडे ओतत होतो, फोन वाजला, वाचलं आणि ट्रॉली सोडून दिली, ती जाऊन शिट्टीच्या पोटरीला लागली. त्यानं तिन्ही शिट्ट्या मारल्या. मी म्हटलं, "घेतली." त्यानं चौथी मारली. चौथीचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता, पण सगळी यंत्रं सोडून धावत आले.

चॅनलवाल्यांचं पत्र इथे उतरवून ठेवतो. "चादर ताणली जाते तिथे आम्ही दचकलो. पण ती बाई भुतावर 'च्' करते तिथे आम्हाला खरा घाम फुटला. म्हणजे ती त्याला ओळखते. तो रोज येतो. आणि शेवटी ती त्याच्याकडे बघत उभी राहते, ते विसरता येत नाही. तुम्हाला हे कसं सुचलं?"

मी उत्तर लिहिलं, "अनुभवातून." चक्क थाप. पण चूक झाली असं कसं लिहिणार?

मावशींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, पण त्याला भूत कशाला म्हणतात? माझ्यासमोर तर कोणीतरी मुलगाच उभा होता." मी म्हटलं, "मावशी, दाराआड मी होतो." त्या म्हणाल्या, "तेच म्हणतेय."

फ्यूज खोलीत आला तर मी काही बोलायच्या आधीच त्यानं हात वर केला. "आभार मानलेस तर झोपायला गच्चीवर जाईन." मानले नाहीत. त्याच्या ताटात माझं अंडं ठेवलं. खाल्लं त्यानं.

शनिवार, ६ एप्रिल

फिल्म काल लागली. खाली लोक लिहीत आहेत. एकानं लिहिलंय की त्यानं घरातल्या सगळ्या चादरी कपाटात कोंबल्या. एकीनं लिहिलंय, "माझे बाबा गेल्यापासून आईला मी कधी चादरीची घडी घालायला मदत केली नाही. आज करणार." भीतीच्या फिल्मखाली हे काय लिहायचं? पण वाचून बरं वाटलं.

दादाला मावशींच्या हकिगतीसकट पाठवली होती, त्यानं आईला दाखवली. मी घाबरलोच होतो. तिचा आवाजी निरोप आला, दादाच्या फोनवरून. चार वेळा ऐकला. जसा आहे तसा लिहितो.

"फिल्म पाहिली. दोनदा पाहिली. पहिल्यांदा चादरच बघत होते. काठाची शिवण एका बाजूनं उसवलीय, लक्ष आहे का? त्या बाई शिवणकामाला आहेत म्हणतोस, त्यांना सांग, चार टाके घालतील. हात चांगला आहे त्यांचा. दुसऱ्यांदा मग तुला पाहिलं. अजून कोपरा उलटाच टाकतोस. त्यांना किती त्रास. त्यांनी च् केलं ते बरोबरच केलं. भीती नाही वाटली बाबा, खोटं कशाला बोलू? बारीक झालास का रे? चादर मात्र छान ताणून धरलीस. जेवतोस ना?"

सगळ्या दुनियेला घाम फुटला आणि आईला भीती नाही वाटली. आणि मला पाहिलं म्हणजे कुठे पाहिलं? मी तर फिल्ममध्ये कुठेच नाही. नाव घालायचंसुद्धा राहिलं होतं. आणि बारीक झालो हे दोऱ्यांवरून कसं कळलं? आईपुढे माझं भूतसुद्धा टिकत नाही.

रविवार, ७ एप्रिल

आज मीच दादाला फोन केला. बराच वेळ हवापाण्याचं बोललो. मग तोच म्हणाला, "आई आज सकाळी चादर बांधत होती. कडीवरून कोपरा घसरला. तर कडीला च् केलं आणि एकटीच हसत बसली. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं."

मीही हसलो. 

"मग," दादा म्हणाला, "फिल्म घेतली. म्हणजे तू काही येत नाहीस."

"शब्द तसाच होता. पण तू ये म्हणालास तर येतो."

तिकडे गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी कोण बोलावणारा? आई म्हणते, त्याला तिथेच राहू दे, त्याचं टोक त्यानं धरलंय." आणि पुन्हा जुन्या सुरात, "पण खरं टोक कोणीतरी धरायला हवं ना. खांदा तिचा दुखतो, फिल्मचा नाही. शेजारच्या काकू सकाळचा वेळ देतील म्हणतात, मी विचारून ठेवलंय. आता त्यांना पैसे देणार कोण?"

इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत होतो.

"भुतं," मी म्हटलं.

दादा हसला. माझ्या आठवणीत फोनवर पहिल्यांदा. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "अरे, त्या फिल्ममधलं दार मला आपलंच, त्या कडीचंच वाटलं," आणि मी काही विचारायच्या आत फोन ठेवला. तो असाच. बोलायचंही यानंच. पण काकूंना आधीच विचारून ठेवणारा भाऊ कोणाला मिळतो? लहानपणीच्या सगळ्या धपाट्यांसकट त्याचे उपकार मानतो.

चादर मावशींकडे दिली आहे, काठ शिवायला. आठव्या फिल्मचं डोक्यात फिरतंय, एका खिडकीचं. चॅनलनं दिलेले सगळे आणि पगारातले थोडे असे मिळून काकूंचा पहिला महिना आणि आईच्या खांद्याचं औषध भागेल. पाठवताना कशासाठी असं विचारतात, तिथे लिहिलं, "दुसऱ्या टोकासाठी."

आज पाठवले: तीन हजार पाचशे.